क्लिअर आधी, चमक नंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि आसपास गाड्यांची कामं करणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. इंजिनवाला वेगळा, पाटेवाला वेगळा, डेंटर वेगळा, पेंटर वेगळा. माझं काम या सगळ्यांच्या शेवटी येतं. रंगाला चमक आणायची आणि ती टिकवायची. अलीकडे माझ्याकडे बऱ्याच गाड्या अशा येतात, की त्यांचं मशीन पॉलिश आधीच दुसरीकडे झालेलं असतं आणि त्या पॉलिशनंच नव्या खुणा पाडलेल्या असतात. मालकाचं सांगणं ठरलेलं : "ताब्यात घेतली तेव्हा झकास होती हो. दोनदा धुतली, उन्हात लावली, आणि बघतो तर बॉनेटवर सगळी जाळी."

या खुणा बहुतेक वेळा काढता येतात. अवघड असतं ते किती काढायच्या आणि कुठं थांबायचं हे ठरवणं. त्याबद्दल काम करताना जे कळत गेलं ते इथं लिहितो. मशीन धरणाऱ्या पोरांसाठी आणि गाडीच्या मालकांसाठीही.

१. आधी शिल्लक बघा

आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर येत गेलं तर गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चमक दिसते ती याच थराची, उन्हापासून खालचा रंग वाचवतो तोही हाच, आणि मशीन खातं तेही यालाच. जड कंपाउंडचं एकदाचं काम साधारण दोन-चार मायक्रॉन घेऊन जातं. दर दिवाळीला, दर लग्नकार्याला 'रबिंग' मारून घेतलेल्या गाडीचा क्लिअर काही वर्षांत संपत येतो. मग छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. तिथं पॉलिशचा काही उपयोग नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

म्हणून पॉलिश बिघडलेली गाडी आली की मी आधी जाडी मोजायचं मीटर लावतो. हे मीटर सगळे थर मिळून एकच आकडा दाखवतं, क्लिअर वेगळा सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी एकाच दारावर चार ठिकाणी १२० आणि पाचव्या ठिकाणी ८५ आला, तर तिथं कुणीतरी मशीन दाबून धरलं होतं असा संशय घ्यायला जागा आहे. आकडा २०० च्या पुढं गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला असतो. ५०० च्या वर गेला तर आत लांबी भरलेली आहे असं समजावं. मोठा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. लांबीच्या जाड थरावरचा क्लिअर पातळही असू शकतो.

२. खूण कोणती ते आधी सांगता आलं पाहिजे

"स्क्रॅच आहेत" एवढ्या निदानावर मशीन चालू करायचं नाही. दिवा हलवला की त्याच्याबरोबर सरकणारे, रुंद, नागमोडी पट्टे दिसले तर ते होलोग्राम. रोटरी मशीनचं काम. पूर्ण पॅनेलवर धुरकटपणा आणि जवळून बघितल्यावर असंख्य बारीक कमानी दिसल्या तर तो डी.ए. (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीनचा दोष, चुकीचा पॅड किंवा चुकीचं कंपाउंड. मध्येच एखादी सुटी, घट्ट गिरकी असेल तर सँडिंग करताना डिस्कखाली कण अडकला होता. सरळ, एका दिशेच्या समांतर रेघा म्हणजे पाणी-पेपर मारला आणि त्याच्या रेघा पूर्ण काढल्या नाहीत.

आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जमलेली जाळी दिसते ती? ती बहुतेक वेळा पॉलिशची नसतेच. ती रोजच्या फडक्याची असते, आधीपासून असते. पॉलिशमधल्या तेलानं आणि मेणानं ती काही दिवस झाकलेली असते, दोन-चार धुण्यांत तेल उतरलं की पुन्हा वर येते. त्या रेघा प्रत्यक्षात सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या गोल वाटतात.

शेवटी नख फिरवा. नख अडकलं तर ती रेघ मशीनची गिऱ्हाईक नाही.

३. ट्यूबलाइटखाली गाडी पास करू नका

लांब ट्यूबचा पसरलेला उजेड बारीक रेघा खाऊन टाकतो. एका ठिकाणाहून येणारा उजेड लागतो, म्हणजे ऊन किंवा चांगला एलईडी टॉर्च. आम्ही काम करताना मधूनमधून शेडमधले सगळे दिवे बंद करतो, टॉर्च तिरका धरतो आणि वेगवेगळ्या कोनांतून बघतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तर टॉर्चशिवाय काहीच दिसत नाही, म्हणून त्या रंगांवर सर्वांत जास्त बेफिकिरी होते. शेवटचा निकाल मात्र उन्हात. पण काम उन्हात नाही, बघणं उन्हात. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं, आणि सुकलेलं पॉलिश ओढलं की पुन्हा नव्या रेघा.

४. होलोग्रामला जड औषध लागत नाही

होलोग्राम दिसले की पहिला हात जातो तो आणखी जाड कंपाउंडकडे. हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे. आमच्या धंद्यातल्या जुन्या मिस्त्रींचा हात अँबॅसडर, पद्मिनी आणि पहिल्या मारुती ८०० वर बसलेला. त्या काळच्या साध्या रंगांवर वेगळा क्लिअर नसे. उन्हानं रंगाची वरची कातडी मरायची, हात फिरवला तर बोटाला रंगाची पूड यायची. ती मेलेली कातडी काढून खालचा जिवंत रंग वर आणायचा, याचं नाव रबिंग. त्यासाठी लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड आणि अंगाचा जोर हेच योग्य होतं. पॅडला गाडीचा रंग लागला म्हणजे काम होतंय, ही त्यांची खूण बरोबरच होती. क्लिअर आला आणि नियम उलटला. आता पॅडला गाडीचा रंग लागला तर क्लिअर संपून खालचा थर उघडा पडला. या उस्तादांकडून पत्रा आणि रंग ओळखायला मी शिकलो आहे आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण क्लिअर असलेल्या गाडीवर ती जुनी पद्धत जशीच्या तशी चालवू नये, हे त्यांच्यासमोरही मी म्हणतो.

रोटरी मशीन एकाच आसाभोवती फिरतं. लोकरीचा धागा स्वतःही कापतो. मशीन जसं फिरलं, हात जसा गेला, त्याच वळणाच्या बारीक रेघा एकामागे एक पडतात, आणि उजेड त्यांच्यावरून पट्ट्यापट्ट्यांनी परततो. रेघा बहुतेक वेळा उथळच असतात. इलाज : डी.ए. मशीन, मऊ फोमचा पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. डी.ए. मशीन पॅड फिरवतं आणि त्याच वेळी त्याला आसाभोवती झुलवतंही. ८, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या थ्रोची, म्हणजे झोक्याची, मशीनं मिळतात. या झुलण्यामुळे कुठलीच रेघ एका दिशेत टिकत नाही.

पद्धत अशी. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपनं आखून घ्या. पॅडवर पॉलिशचे चार-पाच छोटे थेंब, जास्त नको. मशीन सेकंदाला इंचभर एवढ्या सावकाश चालवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एकदा आडवं, एकदा उभं, पुन्हा आडवं, आणि शेवटचा फेर मशीनच्या स्वतःच्या वजनावर, वरून जोर न देता. पुसा आणि टॉर्च लावा. गेले असतील तर पूर्ण गाडीला तेवढंच औषध. नसतील गेले तर मधल्या ताकदीचं पॉलिश त्याच चौकोनात, आणि त्यानंतर पुन्हा बारीक. सौम्य औषधापासून वर चढायचं, जड औषधापासून खाली उतरायचं नाही.

पॅड ज्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनं एक जाड काळी रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. बॉनेटच्या वळणावर किंवा दाराच्या हँडलजवळ डी.ए. पुष्कळदा नुसतं थरथरतं, फिरत नाही. आवाज येत असतो, काम होत असल्यासारखं वाटतं, पण खूण तशीच राहते. तिथं जोर कमी करा, पॅड सपाट बसवा, नाहीतर तीन इंची छोटा पॅड घ्या. पॉलिश करूनही ठिकठिकाणी उरलेले होलोग्राम बरेचदा अशाच जागांवर सापडतात.

रोटरीनं एकही खूण न ठेवता फिनिश काढणारी माणसंही आहेत. मऊ फोम, मिनिटाला ६०० ते ९०० फेरे आणि अतिशय हलका हात. ते कसब मोठं आहे. शिकणाऱ्यानं मात्र शेवटचा हात डी.ए.नंच द्यावा.

५. मऊ रंगावर कमीच करा

सगळ्या गाड्यांचा क्लिअर सारखा कडक नसतो. काही जपानी गाड्यांचा काळा रंग इतका मऊ, की मायक्रोफायबर जरा जोरात फिरला तरी खूण उठते. उलट मर्सिडीजनं २००३ च्या अखेरीपासून सूक्ष्म सिरॅमिक कणांचा कडक क्लिअर आणला. तिथं बारीक पॉलिशनं तास घातला तरी फारसं हलत नाही. काळ्या मऊ रंगावर पॉलिशनंतर उरणारा धुरकटपणा घालवायचा तर पॅड आणखी मऊ, पॉलिश आणखी बारीक, वेग कमी आणि पॅड अगदी स्वच्छ. आधीच्या कंपाउंडचा एखादा कण पॅडमध्ये राहिला तरी तो सगळं बिघडवतो. म्हणून कंपाउंडचा पॅड वेगळा, फिनिशिंगचा वेगळा. दोन्ही एकाच पिशवीतसुद्धा ठेवायचे नाहीत. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा किंवा हवेनं उडवा. एका मोठ्या गाडीला पाच-सहा पॅड लागतात, आणि हा खर्च वाचवणारा माणूस क्लिअर खर्च करतो.

मशीनची वायर खांद्यावरून घ्या. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल हे सगळं काढा किंवा झाका. पोरांना कडं काढायला सांगितलं की नाराज होतात, पण फेंडरवरच्या कितीतरी ओरखड्यांचं मूळ तिथंच असतं.

६. फाउंड्रीची भुकटी पॅडखाली जाऊ देऊ नका

हा धडा कोल्हापूरचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत. तिथं दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची अगदी बारीक भुकटी बसते आणि क्लिअरमध्ये रुतते. गाडी धुऊन ती जात नाही. पांढऱ्या गाडीवर ती तांबूस ठिपक्यांसारखी दिसते, काळ्यावर दिसतच नाही. अशा गाडीवर नुसता शाम्पू मारून मशीन लावलं की कण सुटतात, पॅडमध्ये अडकतात आणि पॅनेलभर फिरतात. मग ज्या खुणा उठतात त्या होलोग्रामसारख्या शिस्तीत नसतात. वेड्यावाकड्या, तुटक आणि खोल असतात.

धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा. उघड्या बोटाला न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. खरखर लागली तर सावलीत, गार पत्र्यावर आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाशी मिळाल्यावर ते जांभळं होऊन ओघळतं, वास उग्र येतो. सुकू न देता भरपूर पाण्यानं धुवा. त्यानंतर भरपूर फेसात क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ वडी, फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा. क्लेच्या स्वतःच्याही हलक्या रेघा पडतात, म्हणून क्लेनंतर बारीक पॉलिश आलंच.

गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या गाड्यांवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी असते. ती कोरडी कधीच पुसू नका, पाण्यानं उचला. घाट चढून कोकणातून आलेल्या गाड्यांच्या रबरांत, आरशांच्या सांध्यांत, नंबरप्लेटच्या मागं लाल माती दडलेली असते. मशीनच्या थरथरीनं ती बाहेर येते आणि थेट पॅडखाली जाते. हे सांधे हवेनं उडवून, धुऊन, वरून टेप लावून मगच मशीन उचला.

७. कडा हाताला सोडा

दाराची कड, बॉनेटची धार, बॉडीवरून जाणारी उठावाची रेघ या जागांवर क्लिअर मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा भार एका रेषेवर येतो. तिथं टेप लावायचा. टेप काढल्यावर उरलेली अर्ध्या इंचाची पट्टी हातानं, फोमच्या तुकड्यानं करायची. बंपर प्लास्टिकचे असतात; पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही, म्हणून तिथं रंग लवकर तापतो आणि करपतो. पॅनेलवर हात ठेवून बघा. सहज ठेवता येत नसेल तर थांबायचं.

कड उघडी पडली असेल तर पॉलिशनं ती परत येत नाही, आणि हे मालकाला स्पष्ट सांगायचं. तो भाग रंगवणं एवढाच उपाय आहे. त्यावर रंगीत मेण चोळून गाडी ताब्यात देणं ही फसवणूक आहे.

८. ताज्या रंगाला वेळ द्या

अपघातानंतर रंगवलेला दरवाजा पेंटरकडून आला तेव्हा स्वच्छ, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या पेपरच्या रेघा वर आलेल्या, असं पुष्कळ होतं. रंगातला थिनर उडत जातो, थर आकसतो आणि खालचे चर दिसायला लागतात. पेंटरच्या घाईचा दोष त्यात असू शकतो, पण लगेच भांडायला जाऊ नका आणि लगेच मशीनही लावू नका. रंग पूर्ण बसू द्या, मग एकदाच नीट काम करा. तोवर मेण, सीलंट, कोटिंग काहीही नको. थिनरला बाहेर पडायला वाट हवी.

रंगातला दाणा काढायला मारलेल्या पेपरच्या रेघा राहिल्या असतील तर कंपाउंड रेटत बसण्यापेक्षा ३००० नंबरचा पेपर ओला करून ठोकळ्यावर लावून हलका फिरवा आणि मग कंपाउंड घ्या. मोठ्या रेघेची बारीक रेघ झाली की ती कमी क्लिअर खर्चून निघते. पेपर बादलीच्या तळाशी टेकू देऊ नका. तळाचा एक खडा पुरतो.

९. पांढरे डाग

काळ्या प्लास्टिकवर आणि सांध्यांत सुकलेल्या कंपाउंडचे पांढरे डाग राहतात. सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, कोमट पाणी. जुने असतील तर वाफ. टेप आधी लावला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

१०. कोटिंगच्या आधी तेल उतरवा

सिरॅमिक कोटिंग खुणा घालवत नाही, त्यांना झाकण लावतं. खाली होलोग्राम राहिले तर ते कोटिंगखाली तसेच राहतात, आणि काढायचे तर कोटिंगही घासून काढावं लागतं. म्हणून पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत मिसळून, स्वच्छ मायक्रोफायबरनं पॅनेल पुसायचं आणि मगच टॉर्चखाली बघायचं. तेल गेल्यावर जे दिसतं तेच खरं काम. ताज्या रंगावर हे पुसणं टाळा. कोटिंगच्या जाहिरातीत '९ एच' लिहिलेलं असतं. ते पेन्सिलच्या कसोटीचं माप आहे. दगडाच्या ओरखड्यापासून त्यानं गाडी वाचणार नाही.

११. काही रेघा राहू द्या

मालक विचारतात, "साहेब, एवढी एक रेघ का सोडली?" कारण ती काढायला दहा मायक्रॉन लागले असते. येता-जाता गाडी बघणाऱ्याला ती दिसत नाही, आणि गेलेला क्लिअर परत येत नाही. पुढच्या दहा वर्षांच्या उन्हासाठी तो तिथं असू दे. हे पटवायला वेळ लागतो. मी तो देतो.

या वाचवलेल्या क्लिअरवर पुन्हा जाळी पाडतो तो सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाचा फडका. त्याला दोष देऊ नका, त्याला तसंच काम दिलेलं आहे. त्याला सांगा, रोज पुसू नको. आठवड्यातून एकदा पाइपनं धू. दोन बादल्या द्या, दोन धुतलेले मायक्रोफायबर द्या, आणि पैसे पूर्वीइतकेच द्या. पिसांचा झाडू गाडीतून काढून टाका. बोअरचं पाणी असेल तर अंगावर सुकू न देता टिपून घ्या, क्षाराचे ठसे राहतात.

पॉलिशला गाडी देण्याआधी कारागिराला तीन गोष्टी विचारा : जाडी मोजणार का, आधी एका चौकोनात करून दाखवणार का, आणि अल्कोहोलनं पुसून उन्हात गाडी दाखवून ताबा देणार का. तिन्हीला तो हो म्हणाला तर निवांत किल्ली द्या. एकालाही टाळाटाळ केली तर गाडी जशी आहे तशीच घरी न्या.